बिनधुराचा निखारा

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी मी माझ्या हातानं बुजवली. कुणी सांगितलं नव्हतं. सुनेनं तर नको म्हणून सांगितलं होतं. तरी बुजवली, आणि बुजवून झाल्यावर हात झटकत मागं सरून बघितलं, की काम कसं झालंय. काम चांगलं झालं होतं. मी चौथीपर्यंतच शाळेत गेलो, पण हातात घेतलेलं काम कच्चं सोडलं नाही. त्या खोलीचंही तसंच झालं.

आमची वस्ती बेलापूरपासून थोडी आत, उसाच्या पट्ट्यात आहे. घराच्या तिन्ही अंगांना ऊस. जन्मभर मी अंगणात बाजेवर झोपलो. थंडीत दोन गोधड्या, उन्हाळ्यात नुसतं धोतर अंगावर. घरात झोपणं म्हणजे आजारी माणसाचं काम, असं माझं मत होतं. मग आमच्या पट्ट्यात बिबटे वाढले. दोन वर्षांमागं एका सकाळी उठलो तर बाजेच्या पायथ्याशी साखळी होती, पट्टा होता, कुत्रं नव्हतं. माझ्या उशापासून चार हातांवरनं त्यानं ते नेलं आणि मला जाग आली नाही. कुत्र्याचं वाईट वाटलं, पण भीती दुसऱ्याच गोष्टीची बसली. आपण झोपलेलो असताना आपल्याशेजारी काय येऊन जातं ते आपल्याला कळत नाही, याची.

त्या दिवसापासून मी मधल्या खोलीत झोपायला लागलो. दार बंद, खिडकी बंद, डासांची कॉइल पेटवून. सकाळी डोकं दगडासारखं जड व्हायचं, घसा कोरडा पडायचा, आणि रात्रभर कुणीतरी छातीवर बसल्यासारखी स्वप्नं पडायची. मी म्हणायचो वय झालं. सून म्हणायची, "मामा, भेव बसलंय तुमच्या मनात." मी तिला म्हणायचो, "भेव तुला असंल."

नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली ती दिवाळीच्या आधी. तिचं सासर तिसगावला. माझी बायको तिच्या लग्नाआधीच गेली होती, मुलगा साखर कारखान्यावर पाळीवर जायचा, म्हणजे घरात करणारी एकटी सून. तिची आई. दवाखान्यात नात सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. घरी आणायच्या आदल्या दिवशी मी मागची खोली तयार केली. स्लॅबची खोली, नवी, भिंतींना सिमेंटचा गिलावा. उसाकडं एक खिडकी, आणि तिच्या वर हवेसाठी ठेवलेला झरोका. खिडकीला गज होते, पण झडपा कुजलेल्या. खताच्या रिकाम्या गोण्या दुहेरी घेतल्या, वरनं लाकडी पट्ट्या मारल्या, खिळे दोन-दोन इंचांवर. झरोक्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाचट ठासलं.

सून दारात उभी राहून बघत होती. "मामा, थोडी फट ठेवा की. ओल्या दुपट्यांचा वास कोंडतो."

"वास कोंडला तर कोंडू दे. कुत्रं कुठनं नेलं माहितीय ना?"

"खिडकीला गज हायेत की."

"गजातनं पंजा येतो."

ती गप बसली. आमच्या घरात मी बोललो की गप बसायची रीत होती.

तिसऱ्या दिवशी आशाताई आली. गावातलीच मुलगी, बाळंतिणींना घरी येऊन तपासायचं तिचं काम. लेकराचं वजन केलं, बाळंतिणीला दोन-चार गोष्टी विचारल्या, आणि मग भिंतीकडं बघून म्हणाली, "हे काय बाबा? खिडकी कुठाय?"

"हाय की. झाकलीय."

"उघडा ती. बाळाला हवा पायजे."

"अन् वाघ आला तर? तुमच्या पुस्तकात वाघ न्हाई का ताई?"

"दिवसा तरी उघडा. वाघ काय दुपारी बाराला हजेरी लावतो का?"

"परवा पाटाच्या चारीवर दुपारीच दिसलाय. इचारा कुनालाबी."

ती हसली. "बाबा, तुमच्याशी बोलण्यापेक्षा वाघाशी बोललेलं बरं." जाताना सुनेच्या कानाशी काहीतरी बोलून गेली. मी विचारलं नाही.

आता शेगडीचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं बाळंतिणीला सकाळी तेल लावायचं, कडक पाण्यानं अंघोळ घालायची, ओव्याची-शेपेची धुरी द्यायची आणि बाजेवर झोपवायचं. बाजेखाली घमेल्यात निखारे. बाजेच्या चारी बाजूंनी गोधडी सोडायची, म्हणजे ऊब वर पाठीला लागते. दार लावून घ्यायचं. बाहेरचं वारं लागलं तर बाळंतीण जन्माची दुखणाईत होते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

निखारे करायचं काम माझं. तरुणपणी मी गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचो. काहिलीतला रस कुठं आला ते वासावरनं ओळखून जाळ कमी-जास्त करायचा. चुकलं की गूळ करपला. माझा कधी करपला नाही. म्हणून विस्तवातलं मला कळतं, असं मी मानायचो. लोक शेगडीत कच्चं लाकूड घालतात, खोली धुरानं भरते, लेकरू खोकतं. मी तसं करत नव्हतो. बाभळीचं जाड लाकूड अंगणात पेटवायचो, सगळा धूर बाहेर जाऊ द्यायचो, लाकूड नुसतं लाल होईपर्यंत थांबायचो, आणि मग ते निखारे घमेल्यात भरून आत द्यायचो. धुराची एक रेघ निघायची नाही. शेजारची म्हातारी लेकरू बघायला आली होती, ती म्हणाली, "खोलीत शेगडी हाय असं वाटतबी न्हाई बाई." माझी छाती फुगली.

आणि लेकरू झोपायचं. काय झोपायचं! दूध प्यालं की पडलं. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, किती गुणाचं, रडत न्हाई, आईला तरास न्हाई. सून सांगायची, मामांच्या शेगडीचा गुण. मी ओट्यावर बसून ऐकायचो आणि ऐकलं नाही असं दाखवायचो.

पाच-सहा दिवसांनी नात म्हणाली, "आबा, उठलं की डोकं फुटतंय."

मी म्हणालो, "वारं लागलं कुठनं तरी." दाराच्या खाली बोटभर फट होती. तिथं जुन्या लुगड्याची घडी करून सारली.

दोन दिवसांनी तिला मळमळायला लागलं. सुनेनं सुंठ-गूळ दिला. मी झरोक्याचं पाचट आणखी ठासलं. म्हणजे बघा, ती जेवढी तक्रार करायची तेवढी मी खोली बुजवत गेलो. एकदा ती म्हणाली, "आबा, झोपले की मला वर यायलाच हुत न्हाई. विहिरीत खाली बसल्यावानी वाटतं. आईचा आवाज वरनं येतो, पन हात हलत न्हाई."

मी हसलो. म्हणालो, "बाळंतपनाची झोप अशीच असती. तुझी आजीबी अशीच झोपायची." तिची आजी कशी झोपायची ते मला काय माहीत? बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जातो कुठं? पण बोललो. ठसक्यात बोललो की खरं वाटतं.

तो दिवस मला अजून तासातासानं आठवतो. ढग आले होते, बोचरी थंडी होती. मुलगा पहिल्या पाळीला गेला होता. सुनेनं मायलेकरांच्या अंघोळी उरकल्या, धुरी दिली. थंडी जास्त म्हणून मी त्या दिवशी घमेल्यात निखारेही जास्त भरले. शिगोशिग. सून धुणं घेऊन चारीवर गेली. ती गेल्यावर मी दाराबाहेरनं नातीला सांगितलं, "बाय, आतनं कडी लाव. काल शेजारच्या उसात वाघाचा माग निघालाय." आत कडी वाजली. मी ओट्यावर काठी घेऊन बसलो. राखण करत होतो मी.

बराच वेळ गेला. आशाताई वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून आली.

"बाळंतीणबाई कुठायत?"

"आत्ताच डोळा लागलाय. उठवू नका."

"वजन करायचंय बाबा. मला अजून तीन घरं हायेत."

"मंग ती तीन करून या. बाळंतिनीची झोप मोडू नी."

ती म्हणाली थांबते थोडं. ओट्यावर बसली, वहीत काहीतरी लिहायला लागली. मी तिला पाणी दिलं. आणि मग मला बढाई मारायची हुक्की आली. म्हणालो, "तुमी म्हनत हुता खिडकी उघडा. बघा आता, लेकराचा आवाज तरी येतो का? दोन-दोन तास हूं की चूं न्हाई. माझ्या निखाऱ्याला धूरच नसतो."

तिचा पेन थांबला. "आत शेगडी हाय? आत्ता?"

"हाय की."

"अन् दार बंद?"

"आतनं कडी लावायला लावलीय मी."

"किती वेळ झाला?"

मी सांगायला गेलो, आणि मला सांगता येईना. सून गेली तेव्हा पाखरांना दाणे टाकले होते. नंतर दूधवाला येऊन गेला. नंतर मी तंबाखू मळली, एकदा, परत एकदा. लई वेळ झाला होता. मी तिथंच बसलो होतो आणि लई वेळ झाला होता.

तिनं वही खाली टाकली आणि दारावर हात मारला. "ताई! ओ ताई! उठा!" काही नाही. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. मीही काठीनं बडवलं. नातीचं नाव घेऊन ओरडलो. दाराचे पत्रे थरथरत होते, ओट्यावरची कोंबडी पळाली, आणि आतनं आवाज नाही. बाई झोपली असंल, समजा. पण वीत-दीड वितीचं तान्हं एवढ्या दणक्याला रडेना. ते मला तेव्हा कळलं. बिबट्या समोर उभा राहिला असता तर मी काठी उगारली असती. इथं काय उगारणार?

"बाबा, पहार!" ती ओरडली.

मी घरामागं पळालो. पहार खिडकीखालीच होती. पट्टीत घातली आणि उचकटली. पट्टी निघेना. खिळे दोन-दोन इंचांवर. पहिली पट्टी अर्धी मोडली. मी हातानं गोणी ओढली, ती दुहेरी, फाटेना. मी काय पुटपुटत होतो ते आठवत नाही. देवाचं नव्हतं एवढं खरं. शेवटी कोपरा सुटला आणि आतली हवा तोंडावर आली. गरम हवा. वास काही नाही. भाकरीच्या तव्याजवळ बसल्यावर येते तशी, नुसती गरम.

गजांतनं दिसली ती. उताणी झोपलेली, तोंड उघडं, गाल तांबूस. इतकी टवटवीत दिसत होती की एका क्षणासाठी मला वाटलं, उगीच गोंधळ घातला आपण. लेकरू तिच्या कुशीत. एक मूठ दुपट्याबाहेर होती. ती हलत नव्हती.

तिकडं आशाताईनं खांद्यानं धडका मारून कडी खिळखिळी केली होती. मी पहार घेऊन पुढं आलो, फटीत घालून रेटली. कडी निघाली. ती बाई आत घुसली, लेकरू उचलून अंगणात पळाली. मी नातीला काखेत हात घालून ओढलं. माझं वय सत्तरच्या पुढं, आणि ती बाळंतपणाची अंगानं भरलेली. कशी ओढली माहीत नाही. उंबऱ्यावर तिची टाच आपटली, तिला कळलं नाही. माझंही डोकं गरगरायला लागलं तेवढ्यात. दाराबाहेर दोघं पडलो.

आशाताई लेकराचे तळपाय चोळत होती, टिचक्या मारत होती, पाठ चोळत होती. "रड रे, रड माझ्या बाळा, रड ना," असं म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. मी ते बघत होतो. लेकराचे ओठ बघत होतो. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं असेल देवापुढं, ते लिहीत नाही. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. बारीक. परत आला. मग ते रडलं. नातीनं कुशीवर होऊन ओकारी काढली आणि डोळे उघडून विचारलं, "बाळ कुठाय?" मी आशाताईकडं बोट दाखवलं.

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. सून चारीवरनं तशीच ओल्या लुगड्यानं गाडीत चढली. वाटेत तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. दवाखान्यात दोघांच्या नाकाला ऑक्सिजन लावला. रात्रीपर्यंत नात नीट बोलायला लागली.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. मला बाहेर बोलावून तिनं सगळं विचारलं. खोली केवढी, खिडक्या किती, निखारे कसले. मी म्हणालो, "बाई, धूर नव्हता हो. एक रेघ नव्हती. लाकडाचा दोष न्हाई."

ती म्हणाली, "आजोबा, धूर असता तर बरं झालं असतं. खोकला येऊन ती जागी झाली असती. निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. आणि गुंगीतल्या माणसाला कळत नाही की आपल्याला उठायला पाहिजे."

"पन लेकरू रोज झोपायचं हो. निवांत झोपायचं."

"ते झोपत नव्हतं आजोबा. रोज थोडं थोडं गुंगीत जात होतं."

बारा-तेरा दिवस. बायका कौतुक करत होत्या आणि मी ओट्यावर बसून ते ऐकत होतो.

तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठं झोपता?" मी सांगितलं. मधली खोली, सगळं बंद, कॉइल, मुलगा-सून धरून तिघं जण. सकाळी डोकं जड असतं का, ती म्हणाली. मी मान हलवली. तिनं समजावलं, की शेगडी नसली तरी बंद खोलीत आपलीच सोडलेली हवा आपण रात्रभर परत घेतो, त्यात कॉइलचा धूर, मग झोप लागते पण विसावा मिळत नाही. बिबट्याची भीती खरी आहे, म्हणाली, गजांना बारीक लोखंडी जाळी लावा, पण हवा येऊ द्या. दुसऱ्याच दिवशी मी जाळी आणून सगळ्या खिडक्यांना ठोकली. झोप मात्र आली नाही. आता उघड्या खिडकीतनं उसाची सळसळ ऐकू येते आणि कान तिकडं जातो. शिवाय नात लेकराला घेऊन घरी आल्यावर दर थोड्या वेळानं उठून मागच्या खोलीच्या दाराशी जायची सवय लागली. दाराला कान लावायचा. दोन श्वास वेगवेगळे ऐकू आले की परत यायचं. नात आतनं म्हणायची, "आबा, जित्ती हाय मी. जावा, झोपा." तरी जायचो.

सासरी आम्ही खरं सांगितलं नाही. म्हणजे मी सांगू दिलं नाही. जावयाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, अशक्तपणानं चक्कर आली, दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. मुलगा बाजूलाच उभा होता.

सव्वा महिना झाला. नातीच्या दिराचं लग्न निघालं होतं, म्हणून सासरच्यांनी तिला लवकर मागितली. तिच्या सासूचा फोन आला. सुनेनं स्पीकरवर लावला. "अजाबात काळजी करू नका," ती बाई सांगत होती, "खोली तयार केलीय. आमच्याकडं माळावरचं वारं लई, म्हनून समद्या फटी मातीनं लिंपून घेतल्या. कोळसा आनलाय पोतंभर. शेक चालूच ठिवू दोन म्हैने."

फोन बंद झाला. नात लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तिनं त्याला छातीशी धरलं.

सून म्हणाली, "मामा, सांगाय पायजे."

"सांगू फोनवर. शेक नको म्हनून सांगू, डाक्टरनं सांगितलंय म्हनून."

"त्या ऐकतील? तुमी ऐकलं हुतं का?"

आयुष्यात पहिल्यांदा ती मला असं बोलली. नात म्हणाली, "आबा, मी सांगते तिथं गेल्यावर." पण तिलाही माहीत होतं आणि मलाही. लग्नाला दीड वर्ष झालेली सून सासूला सांगणार, तुमची शेगडी उचला. आणि सासू म्हणणार, माहेरी लाडावलीय. आणि दार लावून घेणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी तिसगावला गेलो. नात एक दिवसानं यायची होती. घरात लग्नाची तयारी चालली होती, भावकीतली सात-आठ माणसं ओसरीवर बसलेली. व्याही उठून पुढं आले. "या, या पाव्हणं! एकटेच? पोरीला कुठं ठिवून आला?"

मी म्हणालो, "आधी बोलायचंय, मंग पानी घेतो." आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. खिडकी कुणी बुजवली ते सांगितलं. आशाताईला मी बसवून ठेवलं तेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं एसटीत ठरवलं होतं, पण तोंडातनं गेलं.

मग व्याही म्हणाले, "अन् आमाला फोनवर अशक्तपना सांगितला."

"खोटं सांगितलं."

"आमचा वंश जात हुता पाव्हणं, अन् तुमी खोटं सांगितलं?"

एक जण कोपऱ्यातनं म्हणाला, "म्हाताऱ्याला म्हनावं वाघाला भिऊन पोरीलाच गाडत हुता." दोघं-तिघं हसले. एरवी मी त्या माणसाची काय गत केली असती! मान खाली घातली. ऐकून घेतलं.

नातीची सासू आतल्या दारात पदर सावरून उभी होती. ती म्हणाली, "आबा, माझी चार बाळंतपनं शेगडीवर झाली. कोन मेलं?"

मी विचारलं, "बाई, ती खोली कसली हुती?"

"कसली म्हंजे? कुडाची. जुनं घर आमचं."

"कुडाला फटी असत्यात. वारं येत-जात हुतं, आपल्याला कळत नव्हतं. आमचीबी बाळंतपनं कुडातच झाली. आता सिमेंटची खोली अन् वरनं लिंपलेली. त्यात हवा जायला जागाच न्हाई. मला त्ये कळलं न्हाई. मी गुऱ्हाळावर जन्म घालवला, अन् मला कळलं न्हाई."

ती मागं वळली. आत गेली. मला वाटलं रागानं गेली. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली, "आबा, जरा हिकडं या." ती तयार केलेल्या खोलीत उभी होती. नवी खोली, वर पत्रा, भिंती सिमेंटच्या. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट चारी बाजूंनी मातीनं लिंपलेली, बोटांचे ठसे सारखे उठलेले. काम स्वच्छ होतं. कोपऱ्यात कोळशाचं पोतं.

तिनं दार ओढून घेतलं, ओसरीवर ऐकू जाऊ नये म्हणून. हळू म्हणाली, "आमच्या थोरल्या सुनेचं पयलं लेकरू ह्याच खोलीत गेलं. अठरा दिसांचं हुतं. घर बांधल्यावरचा पयला हिवाळा."

मला हे माहीत नव्हतं. लग्न जमवताना कुणी सांगितलं नव्हतं.

"झोपेत गेलं," ती म्हणाली. "थोरलीबी त्या दिशी उठंना, लई हालवावं लागलं तिला. आमी म्हनलो बाहेरचं काय तरी झालं. कोन म्हनलं नजर लागली. थोरलीलाच बोललो आमी, की झोपेत अंगाखाली घेतलं असंल तिनं." तिनं पदर तोंडात धरला. "आबा, त्येबी असंच झालं असंल का?"

मला सगळं दिसत होतं. निखारे कसे भरले असतील, दार कसं ओढून घेतलं असेल, बाहेर कोण बसलं असेल. आतल्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. ती थोरली सून असेल, नाहीतर दुसरं कुणी. मी म्हणालो, "मला काय ठावं बाई. मी डाक्टर न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. खोटं बोललेलं तिला कळलं असावं. मग तिनं भिंतीकडचं स्टूल ओढलं, कोळशाच्या पोत्यावरचा विळा घेतला, स्टुलावर चढली आणि पत्र्याखालची माती पोखरायला लागली. वाळलेली माती ढेकळांनी खाली पडत होती. स्टूल एका पायानं हलत होतं. मी पुढं होऊन ते दोन्ही हातांनी धरलं.